ताई, घरी सांगणार नाही ना?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हर्सूल म्हटलं की लोकांना आधी जेल आठवतं, मग तलाव आणि हरसिद्धी देवीचं देऊळ. जळगाव रस्त्यावरचं हे मूळचं गाव केव्हाच शहरात आलं. तिथे आठवी ते दहावीच्या मुलींसाठी शाळा सुटल्यावर, संध्याकाळी पाच ते सात, आम्ही एक अभ्यासवर्ग चालवतो. त्या वर्गाबद्दल बोलायला मला बोलावलंय. किती पास झाल्या ते चर्चेत विचारा, सांगेन. आज मला एक चूक सांगायची आहे, आणि ती माझी आहे.

आठवीपासूनच का, असं सगळे विचारतात. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. म्हणजे आठवी संपली की त्याचा आधार सुटतो. मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे हे खरं, पण फी माफ झाली म्हणून मुलगी शाळेत टिकते असं नाही. नेमक्या याच वयात पाळी येते, शाळा लांबची होते आणि घरात स्थळांची कुजबुज सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आमच्या सतरंजीवर पंचवीस मुली बसतात. हिशेब तुम्हीच करा.

सुरुवातीला आम्ही गणित आणि इंग्रजी घेऊन बसलो. मुली चार दिवस यायच्या, दोन दिवस गायब. ‘यांना अभ्यासाची गोडीच नाही,’ असं आमच्यातलीच एक म्हणाली. मग एका शनिवारी मुलींना मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी, जिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘म्हणजे आमच्याएवढी!’ मुली म्हणाल्या. तुम्हीही लिहा, म्हटलं. काही नाही, फक्त कालचा दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत.

त्या कागदांनी आमचे डोळे उघडले. गायब होण्याचे दिवस म्हणजे नळाचे दिवस. गेली कित्येक वर्षं या शहरात पाणी चार-आठ दिवसांच्या अंतराने येत आलंय, आणि आई धुण्याभांड्याच्या कामावर असेल तर हंडे, टिपं भरणार कोण? तलावाच्या गावातल्या पोरी पाण्यापायी वर्ग बुडवत होत्या. आम्ही पाण्याच्या दिवसाचा वर्ग सकाळी घ्यायला लागलो. भावांनाही पाणी भरायला लावा, हे आयांच्या बैठकीत बोललो. त्यावर हशा पिकला, पण दोन घरांत भाऊ भरतात आता.

तर चूक. नववीतली एक मुलगी, गणितात हुशार. एक दिवस वर्ग सुटल्यावर थांबली. ‘ताई, घरी सांगणार नाही ना?’ मी लगेच म्हटलं, ‘नाही गं, सांग.’ येताजाता एक मुलगा महिनाभर तिच्या मागे लागला होता. ऐकून मी घाबरले, आणि तिसऱ्या दिवशी तिला न विचारता तिच्या वडिलांना भेटले. मला वाटलं, समजावून सांगितलं की बाप मुलीच्या बाजूने उभा राहील. तक्रार करू या, म्हटलं. ते म्हणाले, ‘मॅडम, बदनामी कुणाची होणार?’ दुसऱ्या दिवसापासून तिचा वर्ग बंद, शाळा बंद. तिला मामाकडे पाठवलं. मी एकटीने जाऊन पोलिसांना माहिती दिली, तो मुलगा पुढे त्या रस्त्याला दिसला नाही. रस्ता मोकळा झाला तेव्हा तिथून जायला ती नव्हतीच. स्थळं बघायला लागले तेव्हा बालविवाहाचा २००६ चा कायदा आणि १०९८ हा नंबर घेऊन आम्ही घरी जाऊन बसलो. लग्न थांबलं. शाळा थांबली ती थांबलीच.

एमएसडब्ल्यूला गोपनीयतेवर मी पानंच्या पानं लिहिलीत, मार्कही चांगले मिळाले. पण माझी चूक नेमकी कुठे झाली हे कळायला वेळ लागला. २०१२ च्या पोक्सो कायद्यात लैंगिक हेतूने मुलीचा वारंवार पाठलाग करणं हाही गुन्हा आहे. असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवण्याचं बंधन आपल्यावर आहे. न कळवणं हाही गुन्हा. म्हणजे ‘कुणाला सांगणार नाही’ हा शब्द मला देताच येत नव्हता. तो मी दिला, आणि मोडला तोही तिच्या पाठीमागे.

आता वर्षाच्या पहिल्याच दिवशी आम्ही मुलींना स्पष्ट सांगतो: काही गोष्टी मला पुढे सांगाव्या लागतील, पण तुला आधी कळल्याशिवाय नाही. कुणाला, कधी सांगायचं, सोबत कोण येणार, हे तुझ्याशी बोलून ठरेल. यामुळे मुली कमी बोलतील, अशी भीती काही जणी घालतात. कमी बोलतातही. आणि कायद्यानं घराचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. तक्रार झाली की मुलगीच घरात कोंडली जाते, त्यावर माझ्याकडे पक्का तोडगा नाही. आईशी आधी बोलावं का? मावशीशी? तुमच्या वस्तीत काय करता ते आज मला हवंय.

ती मुलगी? गेल्या पावसाळ्यात वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचंय म्हणाली, कागद काय काय लागतात विचारत होती. आत ये म्हटलं, तर आली नाही; उंबऱ्यावर बसूनच यादी लिहून घेतली. बीजगणिताचं जुनं पुस्तक मागितलं, ते दिलं. बाकी काही तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.