पाया पडताना पाय बघता का?

आजचा एपिसोड पायांवर आहे. हसू नका, पाच मिनिटं ऐका.

पालमजवळ आमच्या मामांचं कापसाचं रान आहे. मागच्या दिवाळीत गेलो, वाकून पाया पडलो, तर नाकाला वास आला. उटण्याचा नाही, दुसराच. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. मामा म्हणाले, "बाभळीचा काटा मोडला होता रे. काही नाही, दुखत बी नाही."

दुखत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? फराळाला बसतो. मीही बसलो. दोन आठवड्यांनी तो अंगठा काढावा लागला.

मामांना शुगर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गोळी चालू होती, चहा बिनसाखरेचा होता. डॉक्टरांनी विचारलं, "पाय शेवटचे कधी तपासले होते?" मामी माझ्याकडं बघायला लागल्या, मी भिंतीकडं. पाय कशाला तपासायचे, असंच वाटत होतं आम्हाला. दर सणाला मी त्या पायांना हात लावत होतो, पण बघितले कधीच नव्हते.

तर "दुखत नाही" यातच सगळा घोळ आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. काटा, खडा, तापलेला पत्रा, काहीच कळत नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेहींच्या पायांवर आयुष्यभर काम केलं. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा पाय उंदरानं कुरतडला आणि त्याला जागच आली नाही, असे रुग्णही त्यांनी नोंदवलेत. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरतच नाही.

दवाखान्यातली तपासणी म्हणजे फार काही नसतं. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवतात आणि कळतंय का विचारतात. पायावरची नाडी बघतात. बोटांच्या बेचक्या, नखं, भोवऱ्या बघतात. शुगर असेल तर हे वर्षातून एकदा तरी व्हायलाच पाहिजे. पाय बधिर असतील किंवा आधी जखम झालेली असेल तर डॉक्टर आणखी लवकर बोलावतात. आणि शुगर आहे का हेच माहीत नसेल तर? तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. पालमला बाजाराला येताच ना, तसं तिकडंही जाऊन या.

घरी करायची एक गोष्ट सांगतो, आजच करा. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी 2011 मध्ये ही चाचणी मांडली. आजीला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी बोटाचं टोक अगदी हलकं एक-दोन सेकंद टेकवा. दाबायचं नाही, घासायचं नाही. कळलं की आजीनं डावा की उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरकडं न्या. सगळं कळलं तरी वर्षाची तपासणी चुकवू नका.

आणि हो, बिब्बा. भेगांना, काट्याला आपल्याकडं बिब्बा लावतात. त्यानं चांगली कातडीसुद्धा भाजते, आणि बधिर पायाला ते कळतही नाही. ब्लेडनं भोवरी कापणं, कढत पाण्यात पाय सोडून बसणं, हेही बंद.

लहान मुलांचं गणित वेगळं. लहानपणी तळवा सपाट दिसणं बहुतेक वेळा साधंच असतं, घाबरू नका. पण जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर "मोठं झालं की सरळ होईल" म्हणून थांबू नका. पॉन्सेटी पद्धतीत पहिल्या काही आठवड्यांतच, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करत आणतात. पुढं काही वर्षं झोपताना खास बूट घालावे लागतात. हे बूट मधेच सोडले की पाय परत वळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांना पाऊल दाखवा. "पुढच्या वर्षी बी होतील" म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट तर माझ्याही पायात होते; बोटांना फोड यायचे आणि वर मारही बसायचा, नीट चालत नाही म्हणून.

मामांना तळवा वाकून दिसत नाही. म्हणून मी मामींना फोनमध्ये फोटो काढायला शिकवलं. दर रविवारी व्हॉट्सॲपवर दोन तळवे येतात, कधी अंधुक, कधी नुसती चादरच. मागच्या रविवारी टाचेला लाल डाग दिसला, मी लगेच फोन लावला. मामी म्हणाल्या, "अरे, कुंकू सांडलंय." तरी पुसून परत फोटो पाठवायला लावला.