कंबरदुखीच्या इंजेक्शनासाठी कर्ज काढण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर "आरोग्य" एवढंच लिहिलंय, पण मला बोलायचंय ते कंबरेबद्दल आणि कर्जाबद्दल. हे दोन विषय एकत्र का, ते सांगते. गेल्या काही महिन्यांत गटांची रजिस्टरं तपासताना अंतर्गत कर्जाच्या कारणाच्या रकान्यात बियाणं, शाळेची फी, शेळी यांच्या जोडीला "मणक्याचं इंजेक्शन" असं लिहिलेलं दिसायला लागलंय. एका ताईंना तीन इंजेक्शनांचं मिळून चाळीस हजारांचं पॅकेज सांगितलं होतं. "झिजलेली गादी पुन्हा तयार होते" असं सांगितलं होतं. शेकडा दोन रुपयांनी चाळीस हजारांचं पहिल्याच महिन्याचं व्याज ८०० रुपये होतं. म्हणजे तीन-चार दिवसांची खुरपणी नुसत्या व्याजात गेली. आणि खुरपणी करायची तीच कंबर दुखत असताना.

म्हणून हे इंजेक्शन काय असतं ते आधी समजून घेऊ. याला "रिजनरेटिव्ह" म्हणतात, म्हणजे झिजलेलं भरून आणणारं. नाव एकच असलं तरी सुईत वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिला प्रकार साखरपाण्याचा. हसू नका, खरंच साखर असते. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीतून जे ग्लुकोज चढवतात तेच, फक्त जास्त दाट. याला प्रोलोथेरपी म्हणतात. अमेरिकेतले सर्जन जॉर्ज हॅकेट यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. त्यांचं म्हणणं असं की हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, सैल पडले की कंबर दुखते. तिथे दाट साखरपाणी टोचलं की मुद्दाम थोडी सूज येते, आणि सूज आली की शरीर तिथे दुरुस्तीला लागतं. म्हणून सुई घेतल्यावर काही दिवस उलट जास्त दुखतं.

दुसरा प्रकार पीआरपी. यात आपलंच रक्त काढून मशीनमध्ये गरगर फिरवतात आणि त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून दुखऱ्या जागी टोचतात. डेंगीच्या वेळी प्लेटलेट कमी झाल्या असं आपण ऐकतो, त्याच या. जखम भरायला त्या मदत करतात, म्हणून ही कल्पना. तिसरा प्रकार स्टेम सेलचा. तो सगळ्यांत महाग, त्याबद्दल पुढे सांगते.

कल्पना ऐकायला पटते. पण कल्पना पटणं वेगळं आणि माणसाची कंबर बरी होणं वेगळं. ऑस्ट्रेलियात ११० कंबरदुखीच्या रुग्णांवर तपासणी झाली, तिचा निष्कर्ष २००४ साली छापून आला. काहींना साखरपाणी टोचलं आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय टोचलंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. आराम दोन्हीकडे पडला, आणि जवळपास सारखाच पडला. मग साखरेने विशेष काय केलं? २००७ मध्ये अशा पाच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, एकूण ३६६ रुग्ण. त्यात दिसलं की नुसत्या प्रोलोथेरपीचा जुनाट कंबरदुखीवर उपयोग होत नाही. व्यायाम आणि इतर उपचारांची जोड दिली तर काहींना फायदा होऊ शकतो. पीआरपीचे मणक्यावरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, आणि त्यातून एकसारखं उत्तर मिळत नाही.

स्टेम सेलबद्दल मात्र आपल्या देशात स्पष्ट लिहून ठेवलंय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजुरी मिळालेल्या संशोधनातच करायचा. कंबरदुखीसाठी पैसे घेऊन कोणी स्टेम सेल देत असेल, तर तिथून उठून यायचं. यात मला काही "पण" वाटत नाही.

आता एमआरआयबद्दल. "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ते ऐकलं की बाई अर्धी तिथेच खचते आणि मग पुढचं काहीही मान्य करते. पण पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त माणसांचे फोटो तपासलेले अभ्यास आहेत. त्यात पन्नाशीच्या दर १०० माणसांपैकी सुमारे ८० जणांच्या गादीत झीज दिसली. वयाने केस पिकतात तशी गादीही झिजते. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखणं त्यामुळेच आहे असं नाही.

भीती दाखवून शस्त्रक्रियेपर्यंत नेण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यातल्या कितीतरी जणी पोट-कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, एवढ्याच तक्रारी घेऊन गेल्या होत्या.

मग कंबरेचं करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मालिश, गरजेपुरत्या वेदनेच्या गोळ्या हे आहे. आणि कमरेचा पट्टा व वजन लावून ताण देणं, जे आपल्याकडे सर्रास करतात, ते नेहमीचा उपचार म्हणून करू नका असं सांगितलंय. पट्टा बांधून हंडा उचलणाऱ्या मावशींना हे आवडणार नाही, ठाऊक आहे मला. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. एकदा जाऊन व्यायाम शिकून घ्यायचे आणि घरी निदान दोन-तीन महिने नेटाने करायचे. "दिवसभर काम करते, वेगळा व्यायाम कशाला?" असं बऱ्याच जणी विचारतात. दिवसभर वाकून एकाच बाजूला ताण देणं म्हणजे व्यायाम नव्हे. वाकलेल्या कंबरेला उलटं ताणायला, पोटा-पाठीच्या स्नायूंना बळ द्यायला वेगळा वेळ लागतो. आणि हो, घरात कर्ता मुलगा असताना पाण्याचे दोन हंडे आईनेच का आणायचे, हाही उपचाराचाच भाग आहे.

काही दुखण्यांत मात्र थांबायचं नाही. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. ताप, वजन घटणं, रात्री झोपल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्यायची. टीबी मणक्यालाही होतो, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. म्हाताऱ्या बाईला साध्या पडण्यानेही मणका मोडू शकतो. अशा वेळी कंबरेत साखरपाणी टोचत बसलो, तर खरा आजार मागेच राहील.

इंजेक्शनासाठी अर्ज आला तर गटाने सरळ नाही म्हणावं, असं मी म्हणत नाहीये. बाईच्या दुखण्याला पैसे नाहीत असं ऐकायला आपण गट काढलेला नाही. फक्त पैसे देण्याआधी त्या ताईंसोबत कोणीतरी डॉक्टरांकडे जावं आणि कागदावर लिहून घ्यावं: सुईत नेमकं काय आहे, आजाराचं नाव काय, किती सुया, एकूण खर्च किती, आराम नाही पडला तर पुढे काय, धोका काय. मणक्याजवळ सुई टोचताना जंतुसंसर्गाचा आणि नसेला इजा होण्याचा धोका असतो. तो क्वचित घडतो, पण घडला तर साधा नसतो. साखरेचा आजार असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ते आपणहून सांगायचं. डॉक्टर लिहून द्यायला तयार नसतील, पक्कं बिल देत नसतील, "आज भरलेत तर सूट" म्हणत असतील, तर अर्ज पुढच्या सभेपर्यंत थांबवा. जुनाट कंबरदुखी महिनाभराने काही पळून जात नाही.

दुसरं मत जिल्हा रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांचं घ्या. ऑपरेशनपर्यंत वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. जिल्ह्याला एकटीने जायची धास्ती वाटत असेल तर आपल्या गावच्या सीआरपी ताईंना आधी सांगा, बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी दोघी-तिघी मिळून जाता येईल. चिठ्ठी काढायला सकाळी लवकर पोहोचावं लागतं, तेवढं एसटीचं वेळापत्रक बघून ठेवा.