कॅडचं अपडेट अडकलं? आधी लॉग वाचा

रानशेतमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑटोकॅडचं अपडेट उतरवलं, लाइटही टिकली, आणि शेवटी आलं काय, तर एरर १६०३. लगेच सगळं काढून परत डाउनलोड करू नका, डेटा फुकट जाईल. १६०३ म्हणजे विंडोज इन्स्टॉलर एवढंच सांगतोय की काम फसलं. का फसलं, ते लॉगमध्ये असतं.

आधी मशीन रीस्टार्ट करा, सी ड्राइव्हवर जागा बघा, इन्स्टॉलर अ‍ॅडमिन म्हणून चालवा. तरी अडलं, तर टेम्प फोल्डरमधली ताजी लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे इंग्रजीत शोधा. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या वरच्याच ओळींत असतं: कुठली फाइल अडली, कुठली परवानगी नाही. मदत मागताना त्या ओळी पाठवा. नुसतं 'होत नाहीये' म्हटलं, तर समोरचा तरी काय सांगणार?