मुलाचा श्वास मोजता आला पाहिजे
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवितो. तरीही लहान मुलांच्या जिवावर बेतणाऱ्या दुखण्यांविषयी बोलण्याचे मी मान्य केले, त्याला कारण आहे. डॉक्टरांचे काम मूल दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू होते. त्याआधीचे तास घरात जातात. त्या तासांत मुलाजवळ कोण असते? आई कापूस वेचायला गेलेली, वडील परगावी कामाला, आजीला नीट दिसत नाही. मूल असते ते आठवी-नववीतल्या बहिणीच्या कडेवर. ती आपल्या शाळेची विद्यार्थिनी आहे. तेव्हा हा विषय शाळेचाही आहे.

सर्दी-खोकला सर्वच मुलांना होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. त्यातला न्यूमोनिया कोणता, हे ओळखायचे कसे? आपल्या घरांत त्याला ‘पसली चलना’ म्हणतात, गावात ‘पोट उडणे’ म्हणतात. या शब्दांत निदान अर्धे बरोबर आहे. फुप्फुसाला सूज आली की एका श्वासात पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून मूल भराभर श्वास घेते. हा वेग मोजता येतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास झाले, तर ती साधी सर्दी समजू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मोजताना मूल शांत असावे. रडत किंवा दूध पीत नसावे. अंगातले झबले वर करून पोटाकडे पाहावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा हिशेब गणिताच्या तासाला ठीक आहे, पण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. तान्ह्याचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावे. आणि श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा दूध-पाणी घेत नसेल, तर आकडा कितीही असो, मोजत बसू नये, निघावे.

हे अडाणी माणसाला कसे जमेल, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988 पासून 58 गावांत हा प्रयोग केला. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकविले. काही दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधे उपकरण केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. (मणी सरकवून मोजणे आपल्या घरांना काही नवीन नाही, प्रत्येक घरात तसबीह आहे.) या गावांत न्यूमोनियाच्या 612 मुलांवर उपचार झाले, त्यांत शंभरातील एकाहूनही कमी मूल दगावले. शेजारच्या, हा प्रयोग नसलेल्या गावांत हेच प्रमाण शंभरात तेराच्या वर होते. हे निष्कर्ष 1990 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. निरक्षर दाईला जे जमले, ते नववीच्या मुलीला जमणार नाही काय?

पण येथे दुसरी अडचण येते, आणि मला खरे बोलायचे आहे ते तिच्याविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगी आठ दिवस गैरहजर होती. परत आली तेव्हा कळले, तिचा पाच महिन्यांचा भाऊ गेला. तिने सकाळीच घरात सांगितले होते की बाळ दूध ओढत नाही, त्याचे पोट फार उडते. उत्तर मिळाले, “तू पोर आहेस, तुला काय कळते? अब्बा आल्यावर बघू.” अब्बा रात्री आले. तिला कळले होते. तिचे ऐकण्याची घराला सवय नव्हती. आपण मुलींना शिकवितो, निकाल लागला की पेढे वाटतो, आणि शिकलेल्या मुलीने घरात एक खरी गोष्ट सांगितली तर तिला गप्प बसवितो. वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, मुलाच्या श्वासाबद्दल घरातले कोणीही बोलले तरी उठून स्वतः पाहावे. घरधनी बाहेरगावी असेल तर दवाखान्यात नेण्यासाठी त्याच्या परवानगीची वाट पाहू नये. ती परवानगी आजच, सर्वांसमक्ष देऊन ठेवावी.

आता इतर गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिल्या महिन्यातले बाळ आजारी पडले तरी मोठ्याने रडत नाही, हाच धोका आहे. ते दूध ओढणे सोडते, मलूल होते, अंग गार पडते किंवा तापते. यातले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आशाताई बाळ पाहायला घरी येतात तेव्हा त्यांना दारातून परत पाठवू नये.

हगवणीत मूल जुलाबाने नव्हे, अंगातले पाणी गेल्याने दगावते. डोळे खोल जातात, लघवी होत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण कालवावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मूल पिईनासे झाले किंवा गुंगीत गेले, की घरचा उपाय संपला.

झटके आले तर कांदा, चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. मुलाला कुशीवर निजवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तातडीने हलवावे. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घशात शेंगदाणा, चिंचोका किंवा नाणे अडकले आणि मूल जोराने खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके छातीपेक्षा खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत असे आलटून पालटून करावे. (येथे वक्त्यांनी बाहुलीवर करून दाखविले.) मोठ्या मुलाला पाठीवर थापा, आणि मागून कवेत धरून बेंबीच्या वर आत-वर दाब. न दिसणारी वस्तू काढायला बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

विंचवाचे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांशेजारी तुराट्यांचे, पऱ्हाट्यांचे आणि गोवऱ्यांचे ढीग असतात. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातले. महाडच्या परिसरात लाल विंचवाने माणसे, विशेषतः लहान मुले मरताना त्यांनी पाहिली, त्यांची लक्षणे नोंदविली आणि 1982 साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. पुढे प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे औषध त्यांनी या विषबाधेवर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लक्षात ठेवण्याजोगे असे की, नुसते ठणकणे ही त्या मानाने बरी खूण आहे. मूल फार रडत नाही, पण घामाने निथळते, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, तेव्हा विष हृदयापर्यंत पोहोचू लागले आहे. अशा वेळी उतारा, मंत्र किंवा घट्ट आवळपट्टी यांत गेलेला तास परत मिळत नाही. लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

जिंतूर, पालम, सोनपेठ तालुक्यांच्या टोकाच्या गावांतून परभणीला यायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर तर विचारू नका. म्हणून 2014 पासून आपल्या राज्यात चालू असलेला 108 हा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ हवा. फोनवर आधी गावाचे नाव, तालुका आणि जवळची खूण सांगावी, मग मुलाचे वय आणि त्याला काय होते आहे ते. गाडी यायची तोवर मुलाला घेऊन पक्क्या रस्त्यावर येऊन थांबावे. बरोबर लसीकरणाचे कार्ड घ्यावे. आणि घरी किंवा कोणा वैदूकडून जे काही पाजले असेल, ते न लाजता डॉक्टरांना सांगावे.