हिरव्याची मोजदाद



विमानातून सह्याद्री पाहणारा मनुष्य म्हणतो, "काय हिरवेगार!" परंतु त्या हिरव्यात देवराई किती, काजूची लागवड किती आणि मोकळे रान किती, हा प्रश्न उरतोच. उपग्रहाच्या चित्रावरून त्याचे उत्तर कसे काढतात आणि त्यावर कितपत विसंबावे, हे आज आम्ही सांगणार आहोत.

उपग्रहाचे चित्र म्हणजे वस्तुतः आकड्यांचे कोष्टक. युरोपीय अवकाश संस्थेने २०१५ पासून सोडलेल्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांच्या चित्रांत बारकाईचे घर १० मीटर लांबरुंद जमिनीचे असते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या तुलनेवरून प्रत्येक घरास हिरवेपणाचा आकडा मिळतो. तो उणे १ व १ यांच्या दरम्यान असतो. मग 'ग्रास'सारखी, कोणासही विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली तीन बाय तीन घरांची चौकट चित्रभर सरकवीत नेते आणि तीतील नऊ आकड्यांत विविधता किती, ते मधल्या घरात लिहिते.

ही विविधता मोजावी कशी? क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनासाठी दिलेले सूत्र येथे पुष्कळदा वापरतात. पण कोणता आकडा किती वेळा आला, एवढेच ते पाहते. समजा, एका चौकटीत ०.७१ पासून ०.७९ पर्यंतचे नऊ आकडे आहेत. ती एकसारख्या झाडीची. दुसरीत ०.१ पासून ०.९ पर्यंतचे नऊ. तीत उघडा खडक, गवत, झुडपे, दाट झाडी, सारेच आले. शॅनन यांच्या सूत्राने दोहोंचे उत्तर एकच, सुमारे २.२! आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९८२ साली मांडलेले सूत्र मात्र आकड्यांमधील अंतरही हिशेबात घेते. त्याने पहिलीस ०.०३ आणि दुसरीस ०.३० मिळतात. फरक दसपट!

तथापि आकडा कळला म्हणजे रान कळले, असे नव्हे. शेत, रस्ता आणि कौलारू घर शेजारी आले की आकडा चढतो. तेथे वनस्पतींच्या जाती अधिक असतीलच असे नाही. उलट कोकणातला कातळसडा घ्या. उन्हाळ्यात तो ओसाड दिसतो. पावसात वीतभर उंचीच्या फुलांनी भरून जातो. १० मीटरच्या घरात ती फुले वेगळी उमटत नाहीत, आणि ऐन बहरात आकाश ढगांनी झाकलेले असते. असा सडा निव्वळ चित्रावरून 'पडीक' ठरविला, तर तो खणून काढण्यास कोण हरकत घेणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच: कोठे जाऊन पाहावे, हे आकड्यास विचारावे, तेथे काय आहे, ते पायांनी तेथे जाऊन, गावच्या गुराख्यास विचारून ठरवावे. जमिनीचा निकाल त्याआधी लावू नये.