गाठ लिम्फोमाची, मूळ काविळीचं?

आजचा विषय जरा जड आहे. पण मी तो शक्य तितका सोपा करून सांगतो, तुम्ही फक्त शेवटपर्यंत ऐका.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासतो. रिपोर्ट हातात घेताना माणूस हमखास विचारतो, "भाऊ, कावीळ तर नाही ना?" नाही म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. पण डोळे पिवळे नाहीत म्हणजे कावीळ नाही, आणि कावीळ उतरली म्हणजे विषाणू गेला, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

दूषित पाण्यातून होणारा हेपॅटायटिस ए किंवा ई बहुतेक वेळा येतो आणि जातो. बी आणि सी रक्तातून पसरतात. बी ला आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात. तो आईकडून बाळाला आणि शारीरिक संबंधातूनही होतो. हे दोघं शरीरात वीस-वीस, तीस-तीस वर्षं मुक्काम करतात. माणूस शेतात राबतो, लग्नाच्या पंगतीत जेवतो, त्याला काहीच कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा देशभर बातमी झाली आणि आयसीएमआरचं पथक आलं. डोळ्यांना दिसलं की सगळे धावतात. हा आजार दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी धावत नाही.

या विषाणूंमुळे लिव्हर खराब होतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांचा बी-सेल लिम्फोमाशीही संबंध आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्या रक्तातल्या बी पेशी अँटिबॉडी तयार करतात, म्हणजे विषाणूविरुद्धची हत्यारं घडवतात. हेपॅटायटिस सी हटतच नाही, म्हणून या पेशींचा कारखाना रात्रंदिवस चालू राहतो. पेशी सारख्या दुभंगत राहतात. वर्षानुवर्षं असं चाललं की एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड होतो आणि तिची वाढ आवरेनाशी होते. मग मानेत, काखेत गाठ येते, किंवा डाव्या कुशीत पानथरी वाढते.

घाबरू नका. सी असलेल्या बहुतेकांना लिम्फोमा होत नाही. धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो, आणि मुळात हा कॅन्सर फार सर्रास होणारा नाही. बी चंही तसंच. दक्षिण कोरियात सहा लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बी असलेल्यांमध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं प्रमाण सुमारे पावणेदोन पट निघालं.

पण विषाणू खरंच कारण आहे, की नुसता शेजारी बसलेला आहे? याचं उत्तर २००२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दिलं. पानथरीच्या एका प्रकारच्या लिम्फोमाचे नऊ रुग्ण होते, सगळ्यांना हेपॅटायटिस सी. त्यांना कॅन्सरचं नव्हे, विषाणूचं औषध दिलं, इंटरफेरॉन. सात जणांच्या रक्तातून विषाणू गेला आणि त्यांचा लिम्फोमाही ओसरला. उरलेल्या दोघांना रिबाविरिन जोडल्यावर फायदा झाला. एकाच्या रक्तात विषाणू परत आला, तर लिम्फोमाही परत आला. तोच लिम्फोमा असलेल्या, पण सी नसलेल्या सहा जणांना इंटरफेरॉनचा काहीच उपयोग झाला नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा?

हे सगळ्या लिम्फोमांना लागू नाही. झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात केमोथेरपी लागतेच, तिथे थांबून चालत नाही. पण हळू वाढणाऱ्या काही प्रकारांत आधी सी चा उपचार करून पाहता येतो. ते तुमचे डॉक्टर ठरवतील. तपासणीच झाली नाही, तर ठरवणार कसं?

आता बी ची गोष्ट. लिम्फोमावर रिटुक्सिमॅब नावाचं चांगलं औषध आहे. ते बी पेशींनाच संपवतं. पण हेपॅटायटिस बी ला दाबून ठेवण्यात याच पेशींचा हात असतो. पहारेकरी गेले की झोपलेला बी जागा होतो, लिव्हर निकामी होऊ शकतं, आणि हे उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. म्हणून पहिल्या डोसआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, दोन्ही तपासण्या करून घ्या. नुसती एचबीएसएजी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, जुना बी दुसऱ्या तपासणीत सापडतो. सापडला तर एन्टेकाविर किंवा टेनोफोविरची रोजची गोळी देऊन त्याला दाबून ठेवता येतं.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त महत्त्वाचं का? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा. इथे किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. डायलिसिसमध्ये रक्त मशीनमधून फिरतं, म्हणून स्वच्छतेत थोडी ढिलाई झाली तरी सी पसरू शकतो. डायलिसिसवरच्या माणसाची बी आणि सी ची तपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी. शिवाय जत्रेत एकाच सुईने गोंदणं, सलूनमधलं जुनं ब्लेड, साध्या तापाला "सुई द्या" म्हणून बसणं, हेही आहेच. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्याने बी ची साथ आली आणि माणसं दगावली.

आणखी एक. मानेत गाठ आली की आपल्याकडे आधी टीबीचा संशय घेतात. तो रास्त आहे. पण नुसत्या संशयावर सहा महिने गोळ्या खाऊ नका. गाठीचा तुकडा काढून तपासा, आणि त्याच वेळी बी-सी ची तपासणी करा.

खर्चाची धास्ती नको. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी ची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर आरएनए तपासणीने विषाणू आत्ता आहे की नाही ते कळतं. असेल तर बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, आणि शंभरातले नव्वदाहून जास्त रुग्ण बरे होतात. इंटरफेरॉनची इंजेक्शनं आता लागत नाहीत. बी साठी लस आहे, बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची. सी ला लस नाही.

तेव्हा घरात कोणी डायलिसिसवर असेल, पूर्वी रक्त चढवलं असेल, किंवा लिम्फोमाचं निदान झालं असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "बी आणि सी ची तपासणी झाली का? रिपोर्ट दाखवता का?" विचारायला लाज कसली! नसेल झाली तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

तुमचे प्रश्न पाठवा, पुढच्या भागात त्यांच्यावरच बोलू. येतो मंडळी.