न्यायाधीशाचा अर्ज
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इंग्रजी सूडनाट्य म्हटले की आपल्याला हॅम्लेट आठवतो, आणि ते साहजिकच आहे. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने त्याला मराठीत आणले, गणपतराव जोशांनी ती भूमिका गाजवली, आणि डेन्मार्कचा तो राजपुत्र आपल्या घरचा झाला. आज मला त्याच्या आधीच्या एका माणसाबद्दल बोलायचे आहे. त्याचे नाव हिरोनिमो. टॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’चा हा नायक. १५९२ मध्ये लंडनच्या रोझ नाट्यगृहात या नाटकाचे प्रयोग होत होते, म्हणजे शेक्सपिअरचा हॅम्लेट रंगभूमीवर यायला अजून काही वर्षे होती. भूत, वेड, दिरंगाई, नाटकातले नाटक, शेवटी प्रेतांचा खच, असा सगळा सांगाडा इथे आधीच उभा आहे. नाते मात्र उलटे. तिथे मुलगा बापासाठी तळमळतो, इथे म्हातारा बाप मुलासाठी.

कथा थोडक्यात सांगतो. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या लढाईत पोर्तुगालचा राजपुत्र बाल्थझार आंद्रेया नावाच्या स्पॅनिश सरदाराला ठार करतो. पुढे हिरोनिमोचा मुलगा होरेशिओ त्या राजपुत्राला कैद करतो. आंद्रेयाची प्रेयसी बेल-इम्पीरिया होरेशिओकडे वळते. तिचा भाऊ लोरेन्झो राजाचा पुतण्या. त्याला बहीण पोर्तुगालच्या राजपुत्राला द्यायची आहे. एके रात्री हिरोनिमोच्याच बागेतल्या मांडवात लोरेन्झो आणि बाल्थझार होरेशिओला फासावर लटकवून भोसकतात. आरडाओरडा ऐकून म्हातारा रात्रीच्या कपड्यांतच धावत येतो, प्रेत खाली उतरवतो, आणि मग त्याला तो चेहरा ओळखू येतो.

इथपर्यंत ही सूडाची नेहमीची कहाणी वाटेल. पण हिरोनिमो कोण आहे हे किडने फार विचारपूर्वक ठरवले आहे. तो राजदरबाराचा मार्शल आहे, म्हणजे राजवाड्याच्या हद्दीतल्या गुन्ह्यांचा निवाडा करणारा न्यायाधीश. इतरांना न्याय देणे हाच ज्याचा पेशा, त्यालाच दाद मागायला जागा नाही. माझ्या मते हे नाटक सूडाचे नाहीच. न मिळालेल्या न्यायाचे आहे, आणि सूड हा त्या नाकारलेपणाचा शेवटचा परिणाम आहे.

आता या नाटकातल्या कागदांकडे पाहा. कोंडून ठेवलेली बेल-इम्पीरिया शाई नाही म्हणून रक्ताने पत्र लिहिते आणि खुन्यांची नावे कळवते. हिरोनिमो त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. न्यायाधीश आहे तो; एका चिठ्ठीवर राजाच्या पुतण्याला दोषी धरायचे कसे? त्याची दिरंगाई भित्रेपणातून आलेली नाही, ती पुराव्याची सवय आहे. दुसरा पुरावा मिळतो तोही विदारक रीतीने. लोरेन्झो आपल्या एका हस्तकाकरवी, पेड्रिंगानोकरवी, दुसऱ्या हस्तकाचा काटा काढतो आणि मग पेड्रिंगानोलाच पकडवून देतो. फाशीच्या वेळी लोरेन्झोचा पोऱ्या एका पेटीकडे बोट दाखवत उभा असतो. पेटीत माफीनामा आहे या भरवशावर पेड्रिंगानो फासाखाली उभा राहून थट्टा करतो. पेटी रिकामी असते. त्याला शिक्षा सुनावणारा न्यायाधीश हिरोनिमोच. आपल्याच मुलाच्या खुनाचा साक्षीदार तो स्वतःच्या हुकमाने फासावर चढवतो. मग जल्लाद त्या मेलेल्याच्या कपड्यांत सापडलेले पत्र आणून देतो, आणि बेल-इम्पीरियाचे म्हणणे खरे ठरते.

आता तो राजाकडे जातो. राजा पोर्तुगालच्या वकिलाशी खंडणीची आणि लग्नाची बोलणी करण्यात गुंतलेला. म्हातारा न्यायासाठी टाहो फोडतो, लोरेन्झो मध्ये पडतो, आणि म्हाताऱ्याला पैशाच्या हव्यासाने वेड लागले आहे असे राजाला पटवतो. होरेशिओ मेला आहे हे राजाला ठाऊकच नाही! खंडणी होरेशिओला द्यायची, अशी व्यवस्था त्याच क्षणी चालली आहे. हिरोनिमो खंजिराने जमीन उकरू लागतो, जणू पाताळात जाऊन मुलाला साक्षीला आणणार आहे.

यानंतरचा प्रवेश मला सगळ्या नाटकात सर्वश्रेष्ठ वाटतो. हिरोनिमो हातात पुस्तक घेऊन येतो. सूड घेणे हे देवाचे काम, या बायबलच्या वचनापासून तो सुरुवात करतो, आणि पुढच्याच ओळींत रोमन नाटककार सेनेकाच्या आधाराने गुन्ह्यातून गुन्ह्याकडे जाण्याच्या निष्कर्षाला पोचतो. शेवटी तो ठरवतो की गप्प राहायचे आणि संधीची वाट पाहायची. एवढ्यात बाहेर काही नागरिक अर्ज घेऊन उभे आहेत असे कळते. कुणाचे कर्ज, कुणाचा भाडेपट्टा. ते आपसात म्हणतात की न्यायासाठी झटणारा याच्यासारखा दुसरा कुणी अख्ख्या स्पेनमध्ये नाही. एक म्हातारा मात्र बोलत नाही. बाझुल्तो त्याचे नाव. तो फक्त कागद पुढे करतो: खून झालेल्या मुलासाठी केलेला नम्र अर्ज. हिरोनिमो त्याला डोळे पुसायला रुमाल द्यायला जातो आणि खिशातून निघतो तो होरेशिओच्या रक्तात भिजवून जपलेला रुमाल. मग त्याचा तोल जातो. तो सगळ्यांचे कागद दातांनी टराटरा फाडतो. एकजण रडकुंडीला येऊन सांगतो की माझ्या भाडेपट्ट्याला दहा पौंड पडले होते. हिरोनिमो विचारतो, रक्ताचा एक तरी थेंब निघाला का यातून? शेवटी तो बाझुल्तोलाच होरेशिओ समजतो, मग त्याच्यात आपल्याच दुःखाची मूर्ती ओळखतो, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या आधाराने आत जातात. न्यायालयाचा कागद फाडणारा न्यायाधीश: इथून पुढे परतीचा रस्ता नाही.

त्याची बायको इझाबेला आधीच भ्रमिष्ट झालेली. मुलाला जिथे फासावर लटकवले तो मांडव ती तोडून टाकते आणि स्वतःला संपवते. बेल-इम्पीरियाला मात्र मी सूडनाट्यांतल्या सगळ्या स्त्रियांत वरचे स्थान देईन. हिरोनिमो थंडावला असे वाटताच ती त्याला बाप म्हणून खडसावते, आणि शेवटी बाल्थझारला स्वतःच्या हाताने मारते.

ते घडते लग्नाच्या समारंभात. हिरोनिमो दरबारी मंडळींकरवी एक नाटक बसवतो. लॅटिन, ग्रीक, इटालियन, फ्रेंच अशा निरनिराळ्या भाषांत प्रत्येकाने बोलायचे. खंजीर खरे असतात. राजा टाळ्या देतो. मग पडदा सारून हिरोनिमो मुलाचे प्रेत दाखवतो आणि सरळ, स्वच्छ भाषेत सारे सांगतो. तरीही राजा पुन्हा विचारतो की हे का केलेस. संहितेतली ही विसंगती असावी, असे पुष्कळांना वाटते. मला तिथे नाटकाचे मर्म दिसते: तो सांगतच आला आहे, ऐकून कुणीच घेत नाही. हिरोनिमो आपली जीभ चावून तोडतो. मग कबुली लिहून घेण्यासाठी त्याच्या हाती लेखणी दिली जाते. टोक करायला चाकू हवा, अशी तो खूण करतो. त्या चाकूने तो लोरेन्झोच्या बापाला, कॅस्टीलच्या ड्यूकला, मारतो आणि मग स्वतःला.

लेखणीचा चाकू किडला सुचावा यात नवल नाही. त्याचा बाप लंडनमध्ये दस्तऐवज आणि करारनामे लिहून देणारा लेखनिक होता. पुढे १५९३ मध्ये किडच्या खोलीत धर्मविरोधी ठरवलेले कागद सापडले, त्याला अटक झाली, छळ झाला. ते कागद एके काळी त्याच जागेत बसून लिहिणाऱ्या ख्रिस्तोफर मार्लोचे, असे त्याने सांगितले. सुटल्यावर त्याने वरिष्ठ अधिकाऱ्याला लिहिलेली विनवणीची पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांचा काही उपयोग झालेला दिसत नाही. १५९४ मध्ये तो हलाखीत मेला, पस्तिशीच्या घरात. हे नाटक त्याच्या अटकेआधीचे आहे, म्हणून त्याच्या दुर्दैवातून ते जन्मले असे म्हणता येत नाही. पण अर्जदाराची असहायता त्याने जितकी जवळून ओळखली, तितकी त्या काळच्या दुसऱ्या नाटककाराने ओळखली असे मला वाटत नाही.

एक गोष्ट राहिली. हे सारे रंगमंचावर बसून दोघे पाहात असतात: आंद्रेयाचे भूत आणि साक्षात सूड. नाटकाच्या आरंभी आंद्रेया सांगतो की पाताळातल्या तीन न्यायाधीशांचे त्याच्याबद्दल एकमत झाले नाही, म्हणून त्याला परवाना देऊन पाताळाच्या राजाकडे पाठवले. तिथे गुडघे टेकून त्याने तो दाखवला आणि राणीने हसून त्याची दाद घेतली. अख्ख्या नाटकात वरिष्ठांपर्यंत पोचून मान्य झालेला अर्जदाराचा कागद हा एवढाच, आणि तोही मेलेल्या माणसाचा. शेवटच्या प्रवेशात हा आंद्रेया आनंदाने प्रेते मोजतो, मित्रांना सुखाच्या जागा वाटतो, शत्रूंना यातना नेमून देतो. होरेशिओच्या खुनात कॅस्टीलच्या ड्यूकचा काडीचा हात नव्हता. तरी गिधाडाकडून अखंड टोचला जाणाऱ्या टिटियसला सोडवून त्याच्या जागी ड्यूकला बांधावे असा निवाडा आंद्रेया देतो, आणि सूड त्याला हरकत घेत नाही.